जोडबोटीचा पासंग

हरणवाडीच्या उजागरे गुरुजींना बोट हवी होती ती तालुक्याच्या विकासासाठी, असं ते स्वतः सांगत. ग्रामपंचायतीत सांगत, चर्चच्या पंचकमिटीत सांगत, दाढी करताना न्हाव्यालाही सांगत. गळ्याशी वस्तरा असला तरी गुरुजींचं बोलणं थांबत नसे, म्हणून न्हावीच बिचारा थांबे. त्यामुळे त्यांच्या दाढीला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा आणि मागच्या गिऱ्हाइकांना जलवाहतुकीचं महत्त्व आपोआप कळायचं.

खरं कारण घरात होतं. गुरुजींच्या पत्नी मरियाबाई मुळा धरणाच्या पलीकडल्या काठावर, राहुरीच्या बाजूच्या एका दवाखान्यात सिस्टर होत्या. गुरुजींच्या ओट्यावर उभं राहिलं की त्या दवाखान्याची पाण्याची टाकी समोर दिसे. टाकीवर कावळा बसला तर तोही दिसे. पण मध्ये धरणाचं पाणी. रस्त्याने जायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा घालून, दोन गाड्या बदलून जावं लागे. मरियाबाई उजाडायच्या आत निघत, दिवेलागण झाल्यावर येत आणि जेवता जेवता ताटावर पेंगत. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, "मी तिकडेच एक खोली बघते. शनिवारी येत जाईन."

मुलगी एंजल लग्न होऊन पुण्याला गेलेली, शाळेतून स्वतः निवृत्त झालेले. आता बायकोही आठवडाभर पलीकडे राहिली तर घरात बोलायला रेडिओच उरणार, आणि तोही ऐकून घेत नाही. पण मला तुझ्यावाचून करमायचं नाही, असं निवृत्त मुख्याध्यापकाने बायकोला कसं सांगायचं? तशी पद्धत नव्हती. इतकी वर्षं संसार झाला, पण चर्चमध्ये गुरुजी उजव्या बाजूला पुरुषांत आणि मरियाबाई डाव्या बाजूला बायकांत. रस्त्याने जाताना गुरुजी पुढे आणि मरियाबाई मागे. तेव्हा गुरुजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "या भागाला जलवाहतुकीची नितांत गरज आहे."

मरियाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

तिथून गुरुजींचे खेटे सुरू झाले. धरणाच्या ऑफिसात सांगितलं की पाणी आमचं आहे, पण त्यावर जे तरंगतं ते आमच्याकडे येत नाही. गाड्यांच्या ऑफिसात विचारलं, चाकं किती? गुरुजी म्हणाले, एकही नाही. मग तिथल्या माणसाने मान वर न करता पुढच्याला बोलावलं. अलीकडच्या पंचायतीचं म्हणणं, बोट पलीकडे जाणार, तेव्हा ठराव पलीकडच्यांनी करावा. पलीकडचे म्हणाले, बोट अलीकडून येणार, तेव्हा ठराव अलीकडच्यांचा. मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसात तर साहेबांनी भिंतीवरचा नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि नगर जिल्ह्याला समुद्र कुठून लागतो ते दाखवा म्हणाले. गुरुजींनी शाळेत भूगोल शिकवलेला. आपण जिल्ह्याला समुद्र नसल्याबद्दल कुणाची तरी माफी मागू, असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं त्यांना, पण त्या दिवशी त्यांनी ती मागितली.

आणि तरी बोट आली. कुठल्याशा धरणावरचा बंद पडलेला बोट क्लब होता, त्यांची बोट सरकारने फिरवून हरणवाडीला दिली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बोट गावात शिरली तेव्हा सगळं गाव वेशीवर जमलं. गुरुजींचे शेजारी मच्छिंद्र कडू, ऊस आणि सल्ला ही त्यांची दोन मुख्य पिकं, त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला.

"गुरुजी, तुमी एक मागितली. त्यांनी दोन दिल्यात, अन् एकमेकीला बांधून ठिवल्यात."

ते खोटं नव्हतं. खाली दोन लांबट, अरुंद होड्या, त्यांच्यावर टाकलेला एक पाट, वर छप्पर, आणि पाटाच्या दोन्ही कडांना समोरासमोर दोन लांब बाकं. गुरुजींनी तिथेच एका दगडावर उभं राहून सांगितलं की हिला कॅटामरान म्हणतात, दोन पाय असल्यामुळे ही एका पायाच्या बोटीपेक्षा कमी हेलकावते. गावाने ऐकून घेतलं आणि तिला जोडबोट म्हणायला सुरुवात केली. परवाना मात्र तात्पुरता होता. काही दिवस चालवून बघा, मग मुंबईहून तपासणीचे साहेब येतील, त्यांनी पास केली तर बोट तुमची. नापास झाली तर ती एका हॉटेलवाल्याला जाणार होती, पर्यटकांना गोल गोल फिरवायला.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी पहिला पेच नारळाचा पडला. बोटीला दोन नाकं. एका नाकावर सरपंचांनी नारळ फोडला तर दुसऱ्यावर कुणी फोडायचा? दुसऱ्याचा मान माजी सरपंचांनी मागितला, मग पहिलं नाक कोणतं आणि दुसरं कोणतं यावर वाद लागला, आणि सूर्य डोक्यावर आला. चर्चचे पाळकसाहेब शहाणे. त्यांनी प्रार्थना बरोबर पाटाच्या मधोमध उभं राहून केली.

मग लिंबू. बोटीचा चालक बिभीषण हा मूळचा टमटमवाला. रीतसर शिकून बोटीचं लायसन काढून आलेला, पण नवी गाडी लिंबू चिरडल्याशिवाय हलवायची नाही, हा त्याचा नियम पक्का होता. चाक नाही म्हणून त्याने लिंबू नाकापुढे पाण्यात टाकलं. लिंबू तरंगत निघालं. बिभीषणाने बोट त्याच्यावर घातली, तर ते दोन होड्यांच्या मधल्या फटीतून सुखरूप मागे आलं. हा अपशकुन आहे असं कुणीतरी म्हणालं आणि बोट वळवण्यात आली. हरणवाडीच्या जलवाहतुकीचा पहिला प्रवास अशा रीतीने एका लिंबाच्या मागे झाला, आणि त्यात लिंबू जिंकलं.

पण बोट सुरू झाली. मरियाबाई उन्हं आल्यावर निघून वेळेत दवाखान्यात पोहोचू लागल्या आणि दिवे लागायच्या आत घरी. खोलीची गोष्ट निघेनाशी झाली. गुरुजी खुशीत होते. कारखान्यावर जाणारे, कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या घेतलेल्या बायका, बाजारकरी, सगळी जोडबोटीने जाऊ लागली. एसटीच्या सवयीने पहिले काही दिवस लोक काठावरूनच जागा धरायला रुमाल फेकत. बोटीला खिडक्या नाहीत. रुमाल या बाजूने आत शिरत आणि त्या बाजूने धरणात पडत. बिभीषणही बोट गच्च भरल्याशिवाय सोडत नसे. इंजिन चालू करून, नुसता आवाज वाढवून, काठावरच्या म्हशी राखणाऱ्यांनाही तो राहुरी, राहुरी करून बोलवायचा.

खरी भानगड मात्र बाकांची निघाली. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी बायका डाव्या बाकावर बसल्या आणि पुरुष उजव्या. चर्चमध्ये तसं, कीर्तनात तसं, ग्रामसभेत तसं, लग्नाच्या पंगतीत तसं, मग बोटीत वेगळं कशाला? त्यात बायकांजवळ दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कोंबड्या. पुरुषांजवळ मोबाईल. आणि पुरुषांचं जे काही सामान असेल तेही ते बायकांच्या पायाशी नेऊन ठेवत, कारण सामानाजवळ बाईमाणूस असलं म्हणजे घोर नाही. परिणाम असा, की जोडबोटीची डावी होडी दबायची, उजवी उचलायची, आणि बोट सरळ न जाता डावीकडे ओढली जायची. बिभीषण राहुरीच्या घाटाकडे तोंड करून निघे आणि लागे तो धरणाच्या पंपहाऊसला.

पंपहाऊसचा राखणदार पुंजाराम पहिल्या दिवशी शिट्टी वाजवत धावून आला. दुसऱ्या दिवशी त्याने नुसती शिट्टी वाजवली. पुढे पुढे तो बोट दिसली की उठून बाजूला व्हायचा, आणि आज लई लवकर आलात, असं म्हणायचा. लोक तिथे उतरून चिखलातून रस्त्याला लागत आणि लागता लागता गुरुजींचं नाव घेत.

सल्ल्यांचा पाऊस पडला. मच्छिंद्र म्हणाले, जोडीतला डावा बैल मुजोर हाय, उजव्याला जोर द्या. म्हणजे काय करायचं ते त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, ते तुमी बगा, मी बैलाचं सांगितलं. न्हाव्याचं म्हणणं, पहिल्यापासूनच उजवीकडे तोंड करून निघावं, म्हणजे ओढत ओढत घाटाला लागेल. बिभीषणाने तसं केलं. त्या दिवशी बाजार नव्हता, बायका कमी होत्या, बोट ओढलीच नाही आणि सगळेजण एका उसाच्या फडात जाऊन टेकले. मग वाळूची पोती आणून उजवीकडे ठेवली. एक-दोन दिवसांत पोती नाहीशी झाली आणि गावात कुणाच्या तरी गोठ्याचा कोबा पूर्ण झाला. पूर्वी लोक गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून पाणी ओलांडायचे. काहील गोल असल्यामुळे तिचं तोंड कुठे आहे यावर निदान वाद होत नसे, असं म्हातारी माणसं बोलू लागली.

पुरुषांनी आणि बायकांनी मिसळून बसावं, हा साधा उपाय कुणाला सुचला नाही असं नाही. तो सगळ्यांनाच सुचला होता. पण दुसऱ्याच्या बायकोशेजारी कुणी बसायचं? आणि स्वतःच्या बायकोशेजारी चारचौघांत बसायचं म्हणजे त्याहून लाजिरवाणं. सुनांना सासऱ्यासमोर बसायची चोरी, सासऱ्यांना सुनांसमोर तंबाखू मळायची चोरी. गुरुजींनी एकदा याबद्दल पाळकसाहेबांचं मत विचारलं, तर पाळकसाहेब म्हणाले, गुरुजी, चर्चमध्ये ती नवी सून, आराधना, तिच्या नवऱ्याशेजारी बसली होती तेव्हा तिला उठवलं कुणी? गुरुजींनीच उठवलं होतं. विषय तिथे संपला.

शेवटी बिभीषणाची नजर खुद्द गुरुजींवर गेली. गुरुजी अंगापिंडाने भरलेले. निवृत्तीनंतर भरण्यात सातत्य आलेलं. बोटीवर देखरेख म्हणून ते एकदा सहज उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि बोट सरळ झाली. बिभीषणाने इंजिनावरून हाक मारली, "गुरुजी, तिथंच ऱ्हावा. हलू नका."

त्या दिवसापासून गुरुजी बोटीचे पासंग झाले. वाण्याचा तराजू झुकला की तो एका पारड्याला खडा बांधतो, तसा हा माणूस. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली. तीत बसायचं आणि बिभीषण सांगेल तिकडे सरकायचं. संध्याकाळी परतताना बाजार संपलेला, किटल्या रिकाम्या, उलट पुरुषांकडे पेंडीची पोती. मग खुर्ची डावीकडे न्यावी लागे, बायकांच्या बाजूला. गुरुजी आले की बायका गप्प बसत. मच्छिंद्रांच्या मंडळी छबूबाई, ज्यांना बोटीत गप्प बसणं म्हणजे शिक्षाच, त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं की गुरुजी बसले की आमाला मोकळं बोलता येत न्हाई, यांना मधीच ठिवा. ज्या माणसाने शाळेत पोरांना बाकावर उभं केलं, त्याला एक टमटमवाला रोज थोडं इकडं, थोडं तिकडं करत होता. पलीकडे काही काम नसताना गुरुजींना रोज दोनदा पाणी ओलांडावं लागे. ज्या दिवशी सर्दी झाली म्हणून ते घरी राहिले, त्या दिवशी बोट पुन्हा पुंजारामाकडे गेली आणि संध्याकाळी त्यांच्या दारात चौकशीला माणसं आली. कुणी तब्येत विचारली नाही. वजन कमी झालं नाही ना, एवढंच विचारलं.

मरियाबाई म्हणाल्या, "चला, तुमच्या जाडीचा कुणाला तरी उपयोग झाला."

गुरुजींना ते फार लागलं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती रोज समोरच्या बाकावर, बायकांच्या गर्दीत, पदरात हसत बसलेली. आणि वर एका संध्याकाळी त्या सहज बोलून गेल्या की खोलीवाल्याने परत विचारलंय. बोट नापास झाली तर घ्यावीच लागेल.

तपासणीचा दिवस उजाडला. मुंबईचे साहेब आले ते किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी चहा नको म्हटल्यावरच गावाने निम्मी आशा सोडली. गाव मात्र हौसेनं सजून आलं होतं. छबूबाईंनी तर सगळा बचतगट आणला होता, जरीच्या साड्यांसकट. माणसं चढली. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. साहेबांची नजर पहिल्यांदा गुरुजींच्या खुर्चीवर पडली. सुटं सामान पाटावर चालणार नाही, म्हणाले. बिभीषणाने घाईघाईने खुलासा केला की ते सामान नाही, गुरुजी आहेत. साहेबांनी खुर्ची उतरवली आणि गुरुजींना उजव्या बाकाच्या टोकाला बसवलं.

मग साहेबांनी पिशवीतून गवंड्याची असते तशी पातळी बघायची बाटली काढली आणि पाटाच्या मध्यावर ठेवली. बाटलीतला बुडबुडा सरळ उजवीकडे गेला आणि तिथेच बसला. आख्खी बोट त्या बुडबुड्याकडे बघत राहिली.

"डावीकडच्या काही जणींनी उजवीकडे या," साहेब म्हणाले.

कुणी हललं नाही. छबूबाई छपराकडे बघू लागल्या.

"बरं, तुमच्यात नवरा-बायको कोण कोण आहेत?"

निम्मी बोट नवरा-बायको होती. एक हात वर आला नाही. उजव्या बाकावरचे सगळे पुरुष पाण्याकडे असे बघत होते, जणू यांची लग्नं अजून व्हायची आहेत. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कुणाचा काही इलाज नाही अशा आवाजात म्हणाले की मग नापास लिहावं लागेल.

गुरुजी उठले. सवयीने त्यांनी घसा साफ केला आणि "बंधू-भगिनींनो" अशी सुरुवातही केली. पुढचं भाषण तोंडपाठ होतं, शिस्त, सहकार, जलवाहतूक. पण समोर मरियाबाई मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यामागे, पाण्यापलीकडे, दवाखान्याची टाकी दिसत होती. गुरुजींना भाषण आठवेना.

"मरिया," ते म्हणाले, "इकडे ये. माझ्याजवळ बस."

गुरुजींनी बायकोला चारचौघांत नावाने हाक मारलेली गावाने कधी ऐकली नव्हती. मरियाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तालुक्याच्या विकासासाठी का?" त्यांनी विचारलं.

गुरुजींचे कान लाल झाले. पलीकडे मच्छिंद्र, मागे बिभीषण, मध्ये मुंबईचे साहेब. "नाही," ते म्हणाले. "तू तिकडे खोली घेऊन राहिलीस तर मला करमणार नाही. म्हणून."

मरियाबाई उठल्या, पर्स काखेत घेतली, पाट ओलांडला आणि गुरुजींशेजारी बसल्या. बुडबुडा किंचित हलला.

"मास्तरला जमतं, मंग आमच्याला काय धाड भरलीया," म्हणत छबूबाई उठल्या आणि मच्छिंद्रांकडे निघाल्या. मच्छिंद्र सरकत सरकत बाकाच्या टोकाला गेले. पुढे पाणी होतं, म्हणून थांबले. छबूबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी गेल्या आठवड्यात अर्धवट राहिलेलं भांडण तिथून पुढे सुरू केलं. मग काय, बांधच फुटला. दुसरी उठली, तिसरी उठली, नव्या नवऱ्या तर वाटच बघत होत्या. इतक्या उठल्या की बोट उजवीकडे कलली आणि बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन बसला. साहेब ओरडले, काहींनी परत जा. पण आता बायका एकट्या जायला तयार होईनात. मग नवऱ्यांनाच उठावं लागलं. चार जोड्या तिकडे, दोन जोड्या इकडे, सासरे मागच्या टोकाला, कॉलेजची पोरं मध्ये, असं करता करता बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन उभा राहिला. बिभीषणाने बोट सोडली. ती सरळ घाटाला लागली. पंपहाऊसवरून पुंजाराम उठून उभा राहून बघत होता. आपलं काय चुकलं, असा त्याचा चेहरा होता.

साहेबांनी बोट पास केली. पण सरकारी माणूस पडला, म्हणून खाली एक अट घातली. चाचणीच्या वेळी प्रवासी ज्या पद्धतीने बसले होते, त्याच पद्धतीने रोज बसवावेत.

या एका ओळीने हरणवाडीत जे झालं ते कुठल्याही समाजसुधारकाला जमलं नसतं. बोटीत नवरा-बायकोने शेजारी बसणं ही सरकारी सक्ती झाली. ज्यांना लाज वाटायची त्यांना सांगायला कारण मिळालं. बिभीषण लग्न झालेल्या एकट्या माणसाला बोटीत घेताना मालकीण कुठंय म्हणून विचारू लागला. मच्छिंद्रांना काही काम नसताना बाजाराच्या दिवशी पलीकडे जावं लागे, आणि ते सरकारला शिव्या देत जात. त्यांच्याहून मोठ्याने सरकारला शिव्या गुरुजी देत. हा काय कायदा झाला, माणसाला घरी दोन घटका वाचन करू देत नाहीत, असं म्हणत ते मरियाबाईंच्या आधी कपडे करून दारात उभे असत.

मग एके सकाळी बोट निम्म्या पाण्यात असताना छबूबाईंनी, त्यांना सगळ्या बातम्या आधी कळत, समोरच्या बाकावरून सांगितलं, "गुरुजी, सिस्टरनी आपल्या गावच्या उपकेंद्रातली जागा नको म्हनून सांगितली व्हय? डॉक्टर सोता विचारत हुते म्हनं. दारातच दवाखाना झाला असता की."

गुरुजी वळले. ही जागा घेतली असती तर रोज पाणी ओलांडायची गरजच उरली नसती. "मला विचारलंसुद्धा नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, गावाच्या आरोग्यासाठी घे."

"मग डॉक्टरांना सांगितलंस काय?"

मरियाबाई पाण्याकडे बघत होत्या. "सांगितलं की घरी हे पेपर उघडून बसतात. बोटीत पेपर उडतो, मग माझ्याशी बोलतात."

गुरुजींनी घसा साफ केला. मग त्यांनी मरियाबाईंच्या मांडीवरची पर्स उगाच आपल्या मांडीवर घेतली. तेवढ्यात बोट जराशी कलली आणि मागून बिभीषणाचा आवाज आला, "गुरुजी, तुमी एकलं डाव्या बाकावर सरका."

"एकट्याला सांगू नकोस," गुरुजी म्हणाले. "आम्ही दोघं आहोत."

मग दोघंही उठली, पाट ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसली, आणि बोट सरळ झाली.